मुंबई–नागपूर: 680 किलोमीटर, पण वेळ नक्की कुठली?

गुगलवर मुंबई–नागपूर विमानप्रवास शोधला की अंतर मोजून देणाऱ्या साइटवर "अंतर 680 किमी, वेळ 1 तास 20 मिनिटं" असं काहीसं उत्तर मिळतं. यातलं अंतर बरोबर आहे, वेळ मात्र निव्वळ त्रैराशिक. ताशी 800 किमी वेग धरायचा, वर चढण्या-उतरण्याची सरसकट 30 मिनिटं चिकटवायची, झालं! या आकड्यावर पुढचं विमान किंवा लग्नाचा मुहूर्त गाठायला जाऊ नका.

तिकिटावर साधारण दीड तास असतो, कारण ती वेळ गेटपासून गेटपर्यंतची असते. प्रत्यक्ष हवेत जेमतेम सव्वा तास, कधी त्याहून कमी. उरलेला वेळ जमिनीवर जातो. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी नीट वापरता येत नाहीत. गर्दीच्या वेळी रांगेत 15-20 मिनिटं सहज जातात. नागपूरला उतरल्यावर मात्र चार-पाच मिनिटांत दार उघडतं.

800 चा वेग या मार्गावर फार वेळ मिळतच नाही. 36 हजार फुटांवरून खाली यायला ढोबळ हिशेबाने 200 किमी आधी सुरुवात करावी लागते. म्हणजे अकोला-वाशीमच्या आसपासच उतरणं सुरू! चढायला वीसेक मिनिटं, उतरायला तेवढीच. मधे सपाट उडणं जेमतेम अर्धा तास. चहा घाईघाईत का संपवायला लावतात, ते यावरून कळेल.

परतीचा प्रवास लांबतो, विशेषतः हिवाळ्यात. तेव्हा उंचावर पश्चिमेचा वारा जोरात असतो. जाताना तो ढकलतो, येताना अडवतो. इतक्या अंतरात फरक दहाएक मिनिटांचाच, पण मुंबई–कोलकाता (सुमारे 1650 किमी) मार्गावर तो 25 मिनिटांच्या घरात जाऊ शकतो. त्यात मुंबईवर गर्दी असली की विमान घिरट्या घालतं. 14 हजार फुटांखाली अशी एक फेरी साधारण चार मिनिटांची. तीन फेऱ्या झाल्या की वेळापत्रकात उशिरासाठी धरलेल्या जादा मिनिटांची सगळी शिल्लक संपली.

ही शिल्लक कंपन्या मुद्दाम ठेवतात, त्यात गैर काही नाही. पण "वेळेआधी पोहोचलो" ही घोषणा ऐकून टाळ्या वाजवण्याचंही कारण नाही.

खरी वेळ हवी असेल तर फ्लाइटरडार24 या विमानांचा माग दाखवणाऱ्या साइटवर आपल्या विमानाचा क्रमांक टाका आणि मागचे सात दिवस बघा. ठरलेली आणि प्रत्यक्ष उतरल्याची वेळ शेजारीशेजारी दिसते. सरासरी काढू नका, सर्वात वाईट दिवस धरा. संध्याकाळचं विमान असेल तर तेच विमान दिवसभर कुठे फिरून येतंय तेही पाहा. सकाळचा उशीर संध्याकाळपर्यंत साचत जातो.

समृद्धी महामार्गाशी तुलना करणाऱ्यांसाठी: त्याचे 701 किमी हे भिवंडीजवळच्या आमण्यापासूनचे आहेत, अंधेरीपासूनचे नव्हेत. त्यासाठी सांगितल्या जाणाऱ्या आठ तासांत ठाणे-भिवंडीची कोंडी धरलेली नाही. विमानालाही घरापासून घरापर्यंत पाच तास धरा. बॅगेचा काउंटर बहुतेक ठिकाणी 60 मिनिटं आधी बंद होतो, गेट 25 मिनिटं आधी.

आणि आता नवी मुंबईचा विमानतळही सुरू झालाय. हवेतलं अंतर जवळपास तेवढंच, पण बोरिवलीकराने तिकिटावर 'बीओएम' (मुंबईचा जुना विमानतळ) आहे की 'एनएमआय' (नवी मुंबई) हे पैसे भरण्याआधी बघावं.