पान धुवायचं का रस्ता भिजवायचा?

सोलापूरच्या पार्क चौकातल्या टपरीवर वाद पेटला तो एका फोटोवरनं. द्राक्षाचं पान, कडेनं करपलेलं. बाग वीटभट्टीच्या शेजारी.

"भट्टीचा धूर, दुसरं काय," दत्तानं निकाल देऊन टाकला.

"थांब बे," इरण्णा म्हणाला. "धुरातलं काय? सल्फर डायऑक्साइड असला तर शिरांमधली जागा पांढुरकी पडते, शिरा हिरव्या राहतात. फ्लोराइडनं टोक आणि कड करपते, करपलेल्या भागाला तांबूस रेघ असते. ओझोननं जुन्या पानांवर वरच्या अंगाला बारीक काळपट ठिपके. कॅलिफोर्नियात द्राक्षावरचे हे ठिपके १९५८ मध्ये ओळखले. आणि लेका, पाणी खारं असलं तरी कडच करपते."

"मग ओळखायचं कसं?"

"बांधावर फिरून. धूर असला तर भट्टीकडच्या ओळी जास्त भाजलेल्या, आत जाईल तसं कमी. बांधावरचं तणही सुटत नाही. पाण्याचा दोष असला तर तो ठिबकच्या मागं जातो, वाऱ्याच्या नाही."

उत्तरेत भट्ट्यांजवळच्या आंब्याचं टोक काळं पडतं, तिथं लिटरला ६ ग्रॅम बोरॅक्स फवारतात, हेही त्यानं जाता जाता सांगितलं. दत्ताला लगेच बोरॅक्स हवं झालं, आंबा नसताना!

महादेव इतका वेळ चहात बुडालेला. "धूर राहू दे. खडी क्रशर, कच्चा रस्ता, त्याची धूळ बघ. पानावर थर बसला की उजेड अडतो, रंध्रं बुजतात. वर पानाचा रस शोषणारे बारीक कोळी खाणारे मित्रकीटक धुळीत टिकत नाहीत, म्हणून लाल कोळी माजतो. पांढऱ्या कागदावर पान झटक. ठिपके चालायला लागले तर कोळीच."

"मग ब्लोअरनं पाणी मारून धुवायचं," दत्ता म्हणाला.

"डाळिंब असलं तर तेल्या रोग पसरवशील, ओलं पान त्याला हवंच असतं. द्राक्षाचा मणी पिकायला लागून त्यात पाणी उतरल्यावर धुतलंस तर मण्यावरची पांढरी लव जाईल, व्यापारी भाव पाडेल. पान नको, रस्ता भिजव."

"सोलापुरात? उन्हाळ्यात? प्यायला टँकर लागतो बे!"

इथं महादेव जरा नरमला. "मग शेवरीच्या दोन दाट ओळी लाव, रस्त्याच्या अंगाला. उंचीच्या दहापट अंतरापर्यंत वारा मंदावतो. मुळं बागेत घुसू नयेत म्हणून मधे दोन-अडीच फूट चर मार."

"शेवरी वाढेपर्यंत कोळी थांबणार आहे का? गंधक मारतो."

"मार की. पण पारा चाळिशीत असताना दुपारी मारू नको. भट्टीनं सोडलेलं पान तूच भाजशील."