कंपनीने डाव मोडला तर?

उद्या हॅस्ब्रो या अमेरिकन कंपनीने ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ (डी अँड डी) हा आपला खेळ गुंडाळला तर काय, यावरून सोलापुरातल्या माझ्या भाच्याच्या टोळक्यात सध्या कडाक्याचं भांडण जुंपलंय. गुंडाळणार असं कुणी जाहीर केलेलं नाही. पण 2023च्या डिसेंबरात हॅस्ब्रोने सुमारे 1100 जणांना घरी पाठवायचं जाहीर केलं, त्यात या खेळावर काम करणारेही होते, आणि तेव्हापासून शंकेची पाल कुणाच्या ना कुणाच्या मनात चुकचुकतेच. भाच्याने मला पंच नेमलंय. ‘आत्या, तू तिकडं इंग्लंडात असतीस, तूच सांग.’

ज्यांचा या खेळाशी कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात, आणि तलवारीचा घाव बसला की हुकला हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी याची पहिली एक हजार खोकी काढली. पुढे असे शेकडो खेळ निघाले, पण थोरला हाच.

टोळक्यात दोन तट पडलेत. एक म्हणतो, मिल बंद पडली की गाव संपलं, तसं होणार. हे वाक्य सोलापुरात बाळकडूसारखं पाजलं जातं. ‘जुनी मिल’ नावाची कापड गिरणी साठच्या दशकात गेली, लक्ष्मी-विष्णू मिल नव्वदच्या दशकात. दुसरा तट म्हणतो, ‘काय होत नाही बे, नियमांचे पीडीएफ हायत की सगळे.’

पीडीएफवाल्यांचं ऐकावंसं वाटतं ते त्यांचं टेबल पाहिल्यावर. पूर्व भागात एका मित्राच्या गच्चीवरच्या खोलीत ही मंडळी जमतात. खाली पॉवरलूमची खटखट, त्यामुळे गोष्ट सांगणाऱ्याला कायम आवाज चढवावा लागतो. नकाशा म्हणजे चौकोन आखलेला चार्ट पेपर. राक्षस म्हणजे कॅरमच्या काळ्या सोंगट्या, आणि क्वीन ठेवली की ड्रॅगन आला असं समजायचं. नियम कॉलेजजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून स्पायरल करून आणलेले, पहिल्या पानावर चहाचा गोल डाग. गॉब्लिन दखनीत शिव्या देतात, म्हातारा जादूगार तेलुगूत मंत्र पुटपुटतो, आणि कुणाला किती मार बसला याचा हिशेब मराठीत होतो. मूळ पुस्तकं तीन, प्रत्येकी 50 डॉलरला. ती तिथे कुणाच्याच घरात नाहीत. कंपनीला या खोलीतून आजवर एक रुपयाही गेला नसेल. तिने दुकान बंद केलं तर यांचं काय बिघडणार?

कायद्यानेही यांचीच बाजू भक्कम आहे. 2023च्या जानेवारीत कंपनीने, खेळाचे नियम इतरांना वापरू देणारा जुना खुला परवाना मागे घेऊन नवा, जाचक परवाना आणायचा घाट घातला होता. मसुदा फुटला आणि खेळाडूंनी कंपनीच्या ऑनलाइन सेवेच्या वर्गण्या भडाभडा रद्द केल्या. पाथफाइंडर हा प्रतिस्पर्धी खेळ काढणाऱ्या पायझो कंपनीचा, आठ महिने पुरेल असा पुस्तकांचा साठा दोन आठवड्यांत संपला. महिना संपायच्या आत मूळ कंपनीने नांगी टाकली आणि नियमांचा गाभा, 400हून अधिक पानं, क्रिएटिव्ह कॉमन्स या मुक्त परवान्याखाली सगळ्यांना खुला केला. हे दिलेलं आता परत घेता येत नाही. म्हणजे पुस्तकं छापणं कंपनी उद्या थांबवू शकेल, खेळ थांबवणं तिच्या हातात राहिलेलं नाही.

तरीही मी पीडीएफवाल्यांना कौल दिला नाही. त्याला कारण मी राहते ते गाव, नॉटिंगहॅम.

हेही कापडाचंच गाव. इथली लेस एकेकाळी जगभर जायची. आता लेस मार्केट नावाच्या भागात जुन्या गोदामांतून फ्लॅट आणि कॅफे झालेत. (पहिल्यांदा तिथून चालत गेले तेव्हा लक्ष्मी-विष्णूच्या भिंती आठवल्या नसत्या तरच नवल.) याच गावात गेम्स वर्कशॉपचं मुख्यालय आहे. छोट्या सैनिकांच्या फौजा रंगवून टेबलावर लढवायचा ‘वॉरहॅमर’ हा खेळ त्यांचा. कंपनीची स्थिती इतकी झकास, की 2024च्या अखेरीस तिचं नाव लंडन शेअर बाजाराच्या पहिल्या शंभरात गेलं. याच कंपनीने 2015 साली, 1983पासून चालत आलेला आपला मूळ खेळ, वॉरहॅमर फँटसी, बंद करून दाखवला. त्या कथेतलं जगच नष्ट झालं असं जाहीर केलं आणि दुसरा खेळ मांडला. तेव्हा भाच्याचा प्रश्न इथे कल्पनेतला नाही, घडून गेलेला आहे.

सुरुवातीला थयथयाट झाला. एकाने तर आपली फौज जाळली आणि त्याचा व्हिडिओ टाकला. मग हळूहळू लोक कामाला लागले. काहींनी स्वतःच नियम लिहून ‘नाइन्थ एज’ नावाचा खेळ उभा केला, काही ‘किंग्ज ऑफ वॉर’कडे वळले. आमच्या क्लबातले एक आजोबा मात्र कुठेच गेले नाहीत. नव्या खेळाचे सैनिक गोल चकत्यांवर येत होते. त्यांनी आपल्या घोडेस्वारांच्या चौकोनी चकत्यांना हात लावू दिला नाही. दर आठवड्याला तेच टेबल, तोच जोडीदार, तेच जुने पुस्तक, आणि हॉलच्या भाड्याचे पौंड डब्यात. 2024 साली कंपनीने ‘द ओल्ड वर्ल्ड’ या नावाने तो खेळ परत आणला तेव्हा आजोबांनी एवढंच विचारलं, ‘कुठे गेला होता?’

पण त्या मधल्या वर्षांत जुन्या टेबलांवर नवा चेहरा मी क्वचितच पाहिला. दुकानाच्या काचेत जे मांडलेलंच नाही, ते बारा वर्षांच्या पोराला हवंसं कसं वाटणार? गंमत म्हणजे 2016मध्ये त्याच मेलेल्या जगावर कॉम्प्युटर गेम निघाला आणि दुकानात न मिळणाऱ्या खेळाची चौकशी करत तरुण मंडळी येऊ लागली.

आणि मालक नसला म्हणजे खेळ अमर होतो, हाही भ्रमच. सारीपाट कोणत्या कंपनीने बंद केला? माझ्या आजीकडे कापडी पट होता, कवड्या होत्या, परवाना कुणाचा लागत नव्हता. आईने तो क्वचित मांडला, मी कधीच नाही. कॅरमलाही मालक नाही, पण तो गल्लीत, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर मांडला जातो, म्हणून आजही टिकून आहे.

तेव्हा माझं म्हणणं दोन्ही तटांना अडचणीचं आहे. नॉटिंगहॅमच्या आजोबांनी कंपनीला आयुष्यभर पैसे मोजले, तरी कंपनीवाचून त्यांचं अडलं नाही, कारण त्यांच्याकडे भाड्याचा हॉल आहे आणि तीस वर्षं त्याच गावात राहिलेला जोडीदार आहे. गच्चीवरच्या खोलीने कंपनीला दमडी दिली नाही, पण तिलाच कंपनीच्या नावाची जास्त गरज आहे. सोलापूरची पोरं शिकली की पुण्याला जातात. ते टेबल दर वर्षी फुटतं आणि दर वर्षी नव्याने जुळवावं लागतं. हिंजवडीत नव्या नोकरीला लागलेला मुलगा ऑफिसात ‘डी अँड डी खेळतोस का’ विचारून आठवड्यात टेबल शोधतो. खेळाचं सर्वांना ठाऊक असलेलं नाव गेलं, जागी दहा वेगवेगळे खेळ आले, की त्याने विचारायचं काय?

मिलवाल्यांनी यावर उड्या मारू नयेत. मिली गेल्यावर माग थांबले नाहीत. ते पूर्व भागात घराघरात चालू राहिले, चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकनही मिळालं. गेली ती पगारी नोकरीची खात्री, आणि तिच्या मागोमाग पोरं पुण्याला गेली.

भाच्याला मी एक काम सुचवलंय. त्या खुल्या परवान्यात भाषांतराला मुभा आहे, छापून विकायलाही आहे. फक्त मूळ श्रेय द्यायचं. मग मराठीत आठ-दहा पानांचे सोपे नियम काढा, तेलुगू आणि कानडीतही काढा, सोलापुरात तिन्ही लिहिणारे हाकेच्या अंतरावर मिळतील. कंपनी राहो न राहो, झेरॉक्सवाला आहेच. भाच्याची आठवीतली बहीण इंग्रजी नियम झेपत नाहीत म्हणून अजून नुसते फासे टाकायला बसते. पहिला मसुदा तिच्याकडून वाचून घ्या, जिथे ती अडेल तिथे पुन्हा लिहा.

भांडण काही मिटलेलं नाही. निकाल आपल्याच बाजूने लागला असं दोन्ही तट म्हणतायत.