न्यायदेवतेचे डोळे कुणी बांधले?

न्यायदेवतेच्या डोळ्यांवरची पट्टी आपण निःपक्षपातीपणाची खूण मानतो. पण पट्टी बांधलेल्या न्यायदेवतेच्या अगदी जुन्या चित्रांपैकी एक पाहिलंत, तर धक्का बसेल. १४९४ साली बाझेलमध्ये छापलेल्या त्या चित्रात एक विदूषक मागे उभा राहून तिचे डोळे बांधतोय. तेव्हा ती पट्टी म्हणजे टिंगल होती. पुढे तीच सद्गुण ठरली.

"कायदा सगळ्यांना सारखाच" असं कुणी छातीठोकपणे म्हणालं की मला ते चित्र आठवतं. आणि त्याच्या पाठोपाठ लॉकनर खटला. न्यूयॉर्क राज्याने बेकरी कामगारांना दिवसाला १० आणि आठवड्याला ६० तासांहून जास्त राबवायला बंदी केली होती. १९०५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ती उठवली. कारण काय, तर किती तास काम करायचं ते मालक आणि कामगार आपसांत ठरवतील, सरकारने मध्ये पडू नये. ते न्यायाधीश लाच खाऊन बसले नव्हते. आपण कुणाचीच बाजू घेत नाही, असंच त्यांना वाटत असणार. खरी मेख इथेच आहे.

भट्टी मालकाची आहे, त्याच्या परवानगीशिवाय तिला कुणी हात लावायचा नाही, हे कुणी ठरवलं? कायद्यानेच ना? कामगार रिकाम्या पोटी बोलणी करायला बसतो आणि मालकाला थांबायला सवड असते, यामागेही मालमत्तेचा कायदाच आहे, आणि तो मोडला तर पोलीस येतात. रॉबर्ट हेल या अभ्यासकाने १९२३ मध्ये हे फार नेमकं मांडलं होतं. सरकार आधीपासूनच मध्ये होतं! फक्त जुना हस्तक्षेप अंगवळणी पडलेला असतो म्हणून तो दिसत नाही, आणि नवा आला की पक्षपात वाटतो.

यावरून काही जण थेट "बळी तो कान पिळी, बाकी सगळं ढोंग" इथवर जातात. मी तिथवर जाणार नाही. समतेचं वचन एकदा लिहून दिलं की दुबळ्याला ते हातात धरून जाब विचारता येतो. अमेरिकी राज्यघटनेची चौदावी दुरुस्ती सर्वांना कायद्याचं समान संरक्षण देते. १८९६ साली याच शब्दांखाली न्यायालयाने रेल्वेत कृष्णवर्णीयांना वेगळं बसवणं वैध ठरवलं. वर म्हटलं की यात त्यांना कमीपणा दिसत असेल, तर तो अर्थ त्यांनीच लावलेला आहे. १९५४ साली प्रश्न कृष्णवर्णीय मुलांच्या वेगळ्या शाळांचा होता. दुरुस्तीतला एक शब्दही बदलला नव्हता. पण या वेळी न्यायाधीशांनी पट्टी थोडी सरकवली आणि विचारलं, वेगळं बसवल्याने त्या मुलांच्या मनावर काय परिणाम होतो?