बायको पुण्यात, चौकट अमेरिकेत

अमेरिकेचं आयकर खातं वर्षभर कुणाच्या संसारात डोकावत नाही. ३१ डिसेंबरला मात्र ते पाहतं, लग्न झालंय का? त्या दिवशी विवाहित असाल, तर अख्खं वर्ष विवाहित. माझं लग्न लागलं पुण्यात, २०२४ च्या डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. म्हणजे ज्या जानेवारीत आम्ही एकमेकांना ओळखतही नव्हतो, त्या जानेवारीपासून मी सरकारदरबारी नवरा!

न्यू जर्सीत परतलो आणि १०४० नंबरचा फॉर्म उघडला. वरच, तुम्ही विवाहित की अविवाहित हे सांगणाऱ्या पाच चौकटी. ऑफिसातला मित्र म्हणाला, "वहिनी तिकडेच आहेत ना? मग सिंगलवर टिक कर." कायद्याला हे चालत नाही, आणि सासरी तर त्याहून नाही. 'हेड ऑफ हाउसहोल्ड' ऐकून बाबा व्हिडिओ कॉलवर ताठ बसले. पण त्यासाठी पदरी मूल किंवा अवलंबून असलेलं कुणी नातेवाईक लागतं, बायको त्यात धरत नाहीत. विधुर-विधवांच्या चौकटीचा तर उच्चारही नको. उरल्या दोन. २०२४ साठी वेगळं भरलं तर १४,६०० डॉलरची प्रमाणित वजावट होती, एकत्र भरलं तर २९,२००. माझ्यातला पुणेकर जागा झाला.

पण एकत्र भरायचं तर पुण्यातल्या बायकोला करापुरती अमेरिकेची रहिवासी मानायचं, तसं दोघांनी सहीनिशी लिहून द्यायचं आणि तिचं जगभरातलं उत्पन्न दाखवायचं. भारतात नवरा-बायकोचं एकत्र रिटर्न नसतंच. तुझा पॅन तुला, माझा मला.

"माझ्या एफडीचं व्याज तुझ्या सरकारला कशाला सांगू?" ती म्हणाली. तरी सासरेबुवांनी फाइल काढलीच. निवृत्त बँक अधिकारी ते! रबरबँड लावलेली प्लास्टिकची फाइल, प्रत्येक पावतीवर कोपऱ्यात पेन्सिलीने मुदतीची तारीख. पावत्या संपेचनात. तिकडे करमुक्त असलेलं पीपीएफचं व्याजही इथे मोजतात, हे कळल्यावर ते म्हणाले, "जावईबापू, हा देश जरा आगाऊच दिसतो." मला वेगळाच धक्का बसला होता: बायको माझ्यापेक्षा श्रीमंत निघाली.

मग तिच्यासाठी करक्रमांक. त्याला मूळ पासपोर्ट टेक्सासात ऑस्टिनला पाठवा, नाहीतर ज्यांनी तो दिला त्यांच्याकडून प्रमाणित प्रत आणा. "आणि व्हिसाच्या मुलाखतीला काय लग्नाचा अल्बम नेऊ?" बायको म्हणाली. (तोही नेतात म्हणे.) शेवटी पासपोर्ट तपासून दाखला देणारा अधिकृत एजंट सापडला. त्याने पासपोर्टवरची सही आणि फॉर्मवरची सही इतका वेळ जुळवून पाहिली, की एवढ्या बारकाईने आमची पत्रिकाही कुणी पाहिली नव्हती.

एफडीचं व्याज धरूनही परतावा चांगला निघाला. ती लगेच म्हणाली, "निम्मा माझा."

"अगं, कापला गेलेला कर माझ्या पगारातला!"

"असेल. उद्या नोटीस आली तर पूर्ण रकमेला मीपण जबाबदार, हे त्या फॉर्मच्या सूचनांत वाचलंय मी. खाते क्रमांक पाठवते."