खर्च रोख, बचत उधार
आरोग्यव्यवस्था सुधारायला निघालाय? मग पैशाचं टेन्शन घेऊ नका. ‘पैसा आणणार कुठून?’ असं विचारणारे चार खवचट भेटतीलच, त्यांच्यासाठी विधेयकात बचतीची चार कलमं घालून ठेवा. कलम घालायचं असतं, लागू करायचं नसतं. या विद्येत अमेरिकेचा हात धरणारा कुणी नाही.

२०१० सालचा ओबामांचा आरोग्यविम्याचा कायदा घ्या. मालकांनी कामगारांना दिलेल्या महागड्या विमा योजनांवर ४० टक्के कर. अर्थतज्ज्ञ खूश, त्यांच्यातले डावे खूश, उजवेही खूश. लागू कधीपासून? २०१८ पासून. सही करणारे दुसऱ्यांदा निवडून आले तरी २०१७ च्या जानेवारीत घरी! पुढे तारीख २०२० वर गेली, मग २०२२ वर, आणि २०१९ च्या डिसेंबरात करच गेला. तिजोरीत एक डॉलर पडला नाही, पण एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे मालक आणि कामगार संघटना त्याच्या विरोधात एका बाकावर आल्या. एवढा सलोखा फुकटात कुठे मिळतो?

आता वही घ्या आणि दहा रकाने आखा. तिथे कायद्याचा खर्च दहा वर्षांच्या पट्टीने मोजतात. त्याच कायद्यात वृद्धापकाळी लागणाऱ्या देखभालीचा ऐच्छिक विमा होता. आधी पाच वर्षं हप्ते भरायचे, मग लाभ. म्हणजे पहिल्या पाच रकान्यांत नुसती आवक, पुढच्या पाचांत थोडी जावक, आणि तळाला सुमारे ७० अब्ज डॉलर शिल्लक. अकराव्या रकान्यात काय? अहो, अकरावा आखायचाच नाही! २०११ मध्ये सरकारनेच हात वर केले, २०१३ च्या जानेवारीत कलम रद्द झालं. एकाचाही हप्ता घेतला नव्हता.

मेडिकेअरचा, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याचा, खर्च हाताबाहेर गेला तर कात्री लावायला १५ जणांचं मंडळही होतं. एकही सदस्य नेमला गेला नाही. २०१८ मध्ये ते बरखास्त झालं. कधी न बसलेल्यांना उठवलं, म्हणा ना.

पण खरी कलाकुसर त्याच्याही आधीची. डॉक्टरांना मेडिकेअरकडून मिळणाऱ्या मोबदल्याला लगाम घालणारं एक सूत्र १९९७ साली आलं. २००२ मध्ये कात्री एकदा खरोखर चालली, डॉक्टर खवळले, आणि सगळ्यांना शहाणपण आलं. २००३ पासून २०१४ पर्यंत १७ वेळा कपात पुढे ढकलली. न केलेली कपात साचत साचत २०१० मध्ये २१ टक्क्यांवर पोहोचली. आणि गंमत बघा, कागदावर ती होतीच! दरवर्षी न होणारी बचत पुढच्या वर्षांच्या अंदाजात दिमाखात उभी. २०१५ मध्ये सूत्रच मोडीत काढलं. हळहळ वाटते हो, इतकं गुणी सूत्र!

एक सावधगिरीची सूचना. रुग्णालयांना मेडिकेअरकडून मिळणाऱ्या वार्षिक दरवाढीला ओबामांच्या कायद्याने लावलेला चाप मात्र टिकून राहिला, खराखुरा पैसा वाचवत. कुणाच्या पगारपत्रकात तो दिसला नाही, तेव्हा बोंब मारणार कोण? असली कलमं तुमच्या मसुद्यात चुकूनही शिरू देऊ नका, नाहीतर सुधारणा खरोखरच परवडायची.

आणि अकराव्या रकान्याबद्दल विचारणारा एखादा चिकट माणूस सभेत उभा राहिलाच, तर चिडू नका. त्याला सन्मानाने खर्चनियंत्रण मंडळावर घेतल्याचं जाहीर करा. पंधराच्या पंधरा खुर्च्या रिकाम्याच आहेत.