'आगंतुक'वरच्या त्या कॉमेंटला उत्तर (जरा लांबलंय)

नमस्कार, तुमची कॉमेंट दोनदा वाचली. राग वगैरे नाही आला, उलट 'मस्त, अप्रतिम' वाल्या दहा कॉमेंटींपेक्षा अशी एक आली की लिहिल्याचं चीज होतं. (सिनेमा न पाहिलेल्यांसाठी: अनिला आणि सुधींद्र बोस या जोडप्याच्या घरी ३५ वर्षांनी एक माणूस येतो, मी अनिलाचा मामा म्हणून, आणि शेवटी त्यांच्यासाठी पैशाचं पाकीट ठेवून जातो.) तुमचं म्हणणं थोडक्यात असं ना, की सत्यजित रायचा 'आगंतुक' म्हणजे कॅमेऱ्यासमोर केलेलं नाटक, मामा म्हणजे रायचाच भोंगा, शेवटच्या पाकिटाने मामांना खरं ठरवणं ही चक्क चीटिंग, आणि मी मागच्या पोस्टमध्ये बिचाऱ्या बोस नवरा-बायकोला उगाच कोत्या मनाचे म्हटलं, कारण ३५ वर्षांनी कुणी दारात येऊन उभं राहिलं तर आपणही आधार कार्ड बघूच.

नाटकाचं अर्धं मान्य. १९८३ च्या हार्ट अटॅकनंतर रायना बाहेरचं शूटिंग झेपत नव्हतं, त्यामुळे त्यांचा आधीचा 'गणशत्रू' काय किंवा हा काय, बराचसा चार भिंतींतच घडतो. १९९१ चा हा त्यांचा शेवटचा सिनेमा, पुढच्या एप्रिलमध्ये ते गेलेच. भोंगा म्हणालात तेही पूर्ण खोटं नाही, मामा जे गातात तो आवाजसुद्धा रायचाच आहे! पण मामा झालेले उत्पल दत्त समोर बसून बोलत असताना मला तरी कंटाळा येत नाही, ही आपापली आवड.

आता कोत्या मनाचं. हा शब्द मी मागे घेतो, संशय येणं काही गुन्हा नाही. माझं म्हणणं वेगळं होतं, ते नीट लिहायला जमलं नाही. तो संशय ते लोक कसा चालवतात ते बघा ना. घरातला एकही मोठा माणूस मामांना तोंडावर विचारत नाही की बाबा तुम्ही खरे कोण. अनिला किमती मूर्ती गुपचूप आत ठेवायला लावते. सुधींद्र आधी नट मित्राला चहाला बोलावतो, त्याने काही निघालं नाही म्हणून मग वकील सेनगुप्ताला. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक. आणि तो वकील आदिवासी, सभ्यता, नरमांस असं फिरत फिरत शेवटी आवाज चढवून 'खरं काय ते सांगा नाहीतर चालते व्हा' इथपर्यंत येतो तेव्हा यजमान तिथेच बसलेला असतो. मला खटकलं ते हे. पासपोर्टचं म्हणाल तर तो मामा स्वतःच पुढे करतात, आणि वर हेही सांगतात की यावरून काहीच सिद्ध होत नाही!

आमच्याकडे एकदा बाबांचे कॉलेजचे मित्र म्हणून एक गृहस्थ आले होते, बाबा ऑफिसात. आईने पाणी दिलं, चहा टाकला, आणि जाता जाता टीव्हीवरचं बाबांचं घड्याळ उचलून कपाटात ठेवलं. गृहस्थ खरे निघाले. त्यांनी ते पाहिलं होतं की नाही हे आईला आजपर्यंत कळलेलं नाही, विषय निघाला की अजून ओशाळते. म्हणून मूर्तींचा सीन मला जास्त लागला असेल, कबूल.

पाकिटाबद्दल मात्र तुमचा क्रम चुकलाय. मामा निघून गेल्यावर हे तिघं (नवरा-बायको आणि मुलगा) शांतिनिकेतनला जातात, तिथे मामांच्या घरच्या इस्टेटीचं बघणारे शीतल सरकार भेटतात, म्हणजे मामा खरे हे तिथेच कळून चुकतं. पाकीट त्यानंतरचं. तोवर कुणाला काही पटवून द्यायचं उरलेलंच नसतं, म्हणून तर त्या पैशाने आनंद होण्याऐवजी यांचे चेहरे पडतात.

आणि या दोन्हीच्या मध्ये संथाळ गावातला नाच आहे, ज्याचा तुमच्या कॉमेंटमध्ये उल्लेखच नाही! अनिला आधी बघत उभी असते, मग हळूच त्या बायकांच्या रांगेत शिरते (अनिला झालेली ममता शंकर मुळातच नर्तकी, त्यामुळे ते उसनं वाटत नाही), आणि मामा सुधींद्रला म्हणतात की ही माझी भाची आहे का याची मला शंका होती, ती आता फिटली. म्हणजे सगळा वेळ हे त्यांना तपासत होते तेव्हा ते यांना तपासत होते, आणि त्यांनी ना कागद मागितला ना वकील आणला. अख्खा सिनेमा मला या एका वाक्यासाठी आवडतो, तुम्हाला ते चुकवून चालणार नाही.

जाता जाता एक, रायच्या मूळ कथेचं नाव 'अतिथी' आहे. बंगालीत आगंतुक म्हणजे नुसता आलेला अनोळखी माणूस, आपल्याकडे मात्र त्या शब्दातच 'न बोलावता' असा टोमणा बसलाय. आपण मराठी लोक हा सिनेमा बघायला बसतो तेच थोडे वकिलाच्या बाजूने, असं मला उगाच वाटतं.

असो, मागच्या पोस्टमधलं ते 'कोत्या मनाचे' खोडलंय. पण एवढी मोठी कॉमेंट लिहून त्या नट मित्राचं काम करणाऱ्या रवी घोषबद्दल एक अक्षर नाही, हे काही बरोबर केलं नाहीत.