तब्येत चांगली म्हणजे रक्त चांगलं असं नसते

वजन जास्त असलेल्या आईच्या बाळातही लोह कमी असू शकते हे बाळातल्या लोहाच्या कमतरतेवरच्या लेखात आलं ते बेस्टच, पण कारण एका ओळीत उरकलं. चरबी वाढली की अंगात बारीक सूज राहते, त्यानं लिव्हरमधे हेप्सिडिन नावाचं हार्मोन जास्त बनते अन् ते आतड्यातून लोह रक्तात नीट येऊ देत नाही, मग बाळापर्यंत काय पोचणार? आमच्या मानेवाड्यात गरोदर वहिनीला सगळ्या बाया म्हणायच्या, एवढी तब्येत आहे, हिला कशाला गोळ्या! अन् ती ६० मिलिग्रॅम लोहाची लाल गोळी घ्यायची तीही चहासोबत, म्हणजे उरलंसुरलंही गेलं.

अन् सूज असली की फेरिटिन (रक्तातून लोहाचा साठा सांगणारी तपासणी) उगाच चांगलं दिसते, सोबत सीआरपी (सूज सांगणारी रक्ततपासणी) पाहायला पाहिजे, हे तर लेखात नाहीच. नाळ निदान मिनिटभर थांबून कापली तर बाळाला जास्तीचं लोह मिळते, तेही टाका ना.